खूण लावणारी आणि खूण पुसणारी एन्झाइमे

मेंदूतील एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तो दोन तऱ्हांनी. पहिली तऱ्हा झटपट. ग्लुटामेटसारखे रसायन पलीकडच्या पेशीवरील ग्राहीला चिकटते, ग्राहीतली आयनांची वाट उघडते आणि काही मिलिसेकंदांत सारे आटोपते. दुसरी तऱ्हा संथ. डोपामिन, नॉरॲड्रेनालिन किंवा सेरोटोनिन आपल्या ग्राहीवर बसले की बहुतेक वेळा कुठलीही वाट उघडत नाही. पेशीच्या आत एन्झाइमांची साखळी जागी होते, आणि परिणाम दिसायला शेकडो मिलिसेकंद, कधी कित्येक मिनिटे लागतात. या साखळीत जे घडते ते रसायनशास्त्राच्या हिशेबाने अगदी साधे आहे. एटीपी या रेणूतला एक फॉस्फेट गट सुटतो आणि एखाद्या प्रथिनावर ठरावीक जागी बसवला जातो. बसवणारे एन्झाइम म्हणजे कायनेज, काढून टाकणारे फॉस्फेटेज. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असल्यामुळे तो बसताच प्रथिनाचा आकार बदलतो, आणि आकार बदलला की कामही बदलते. माणसाच्या जनुकसंचात पाचशेहून अधिक कायनेजांची जनुके आहेत. फॉस्फेटेजे त्या मानाने बरीच कमी आहेत, आणि अभ्यासकांचे लक्षही त्यांच्याकडे कमीच गेले. हे दुसरे का घडले हे समजायला या विषयात प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहावे लागते.

या एन्झाइमांचा शोध मेंदूत लागला नाही, स्नायूत लागला. सेंट लुइस येथील कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने 1940च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले, की ग्लायकोजेन फोडणारे फॉस्फोरिलेज हे एन्झाइम स्नायूत दोन रूपांत असते, एक कार्यक्षम आणि एक सुस्त. कार्यक्षम रूपाचे सुस्त रूप करणारे आणखी एक एन्झाइमही त्यांना सापडले. ते फॉस्फोरिलेजला जोडलेला एखादा सहायक रेणू काढून टाकत असावे असा त्यांचा समज होता. तो रेणू काही केल्या हाती लागला नाही. लागणारही नव्हता, कारण निघून जात होता तो नुसता फॉस्फेट. म्हणजे खूण पुसणारे एन्झाइम खूण लावणाऱ्याच्या आधी सापडले होते, फक्त ते ओळखायला आणखी दहा-बारा वर्षे जावी लागली.

कोरींकडे शिकून गेलेले एडविन क्रेब्स आणि शांघायमध्ये जन्मलेले, स्वित्झर्लंडमध्ये शिकलेले एडमंड फिशर यांनी सिॲटलला हे काम पुढे नेले. त्यांची अडचण मासलेवाईक होती. कोरींच्या कृतीप्रमाणे सशाच्या स्नायूचा अर्क गाळणकागदातून गाळला की कार्यक्षम फॉस्फोरिलेज मिळे. अर्क स्वच्छ व्हावा म्हणून त्यांनी कागद सोडून सेंट्रिफ्यूज वापरले, तर हाती फक्त सुस्त रूप आले. ऊती तीच, तापमान तेच, हातही तेच. मग कागदाकडे परत जाऊन तपासणी झाली. दोष म्हणा की पुण्याई, ती कागदाचीच होती. गाळणकागदातले अत्यल्प कॅल्शियम अर्कात उतरत होते आणि अर्कातल्याच एका एन्झाइमाला जागे करत होते. हे एन्झाइम एटीपीचा फॉस्फेट उचलून फॉस्फोरिलेजवर बसवते, हे 1955च्या सुमारास स्पष्ट झाले. कागदाचा दर्जा बदलला की प्रयोग फसतो, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कोणालाही नवे नाही. पण फसलेल्या प्रयोगातला कागद तपासायचे सुचणे, आणि कॅल्शियम ही खुद्द पेशीतलीच कळ असल्याचे त्यातून ओळखणे, यासाठी वेगळी चिकाटी लागते. या कामाबद्दल दोघांना 1992 साली नोबेल मिळाले, म्हणजे जवळजवळ चार दशकांनी. दरम्यान अर्ल सदरलंड यांनी संप्रेरकाचा निरोप पेशीच्या आत पोचवणारा सायक्लिक एएमपी हा रेणू शोधला होता, आणि 1968 साली क्रेब्स यांच्या गटाने सायक्लिक एएमपीने जागे होणारे कायनेज वेगळे केले. त्याला पीकेए म्हणतात. सायक्लिक एएमपीवर चालणारे हे कायनेज मेंदूच्या ऊतीत भरपूर असते, असे लगोलग दिसून आले.

ते दाखवणाऱ्यांत पॉल ग्रीनगार्ड होते. भौतिकशास्त्र शिकलेला हा माणूस अणुबॉम्बच्या कामाला हातभार लागू नये म्हणून जीवभौतिकीकडे वळला. गायगी या औषध कंपनीत काही वर्षे संशोधन करून 1968मध्ये ते येल विद्यापीठात गेले. त्या काळी चेताविज्ञानात विद्युतवाद्यांचा दबदबा होता. चेतापेशीचे काम म्हणजे विद्युत आवेग, बाकी सारी पेशीची घरगुती रसायने, असा एकंदर कल. स्नायूतल्या साखरेच्या एन्झाइमांवरून मेंदूबद्दल काही सांगू पाहणाऱ्याकडे त्या मंडळींनी फारसे लक्ष दिले नाही. ग्रीनगार्ड यांनी पुढे अनेकदा सांगितले, की त्यामुळे स्पर्धा नव्हती आणि काम निवांत करता आले. 1972 साली त्यांच्या गटाने मेंदूच्या कॉडेट केंद्रकात डोपामिनमुळे सायक्लिक एएमपी वाढते हे दाखवले. डोपामिनच्या ग्राहीमागे एन्झाइमांची साखळी आहे, याचा तो ठोस पुरावा होता.

या प्रयोगांचे रोजचे रूप वाचकाला सहसा कळत नाही. फॉस्फेट गट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून किरणोत्सारी फॉस्फरस-32 वापरला जाई, आणि अनेक ठिकाणी आजही वापरतात. भारतात असा माल पुरवण्याचे काम अणुऊर्जा विभागाच्या नवी मुंबईतल्या विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाकडे आहे. या फॉस्फरसचे अर्धायुष्य सुमारे चौदा दिवस. कुपी आली की तिच्याभोवती साऱ्यांचे वेळापत्रक फिरते. प्रयोग दोन आठवडे पुढे ढकलायचा म्हणजे निम्मा माल हवेत सोडून दिल्यासारखेच. काम जाड ॲक्रिलिकच्या ढालीआड चालते. नवख्याला वाटते शिसे अधिक सुरक्षित, पण या फॉस्फरसचे बीटा कण थेट शिशावर आदळले की क्ष-किरण निघतात, म्हणून आधी प्लास्टिकच लागते. मेंदूचा अर्क, किरणोत्सारी एटीपी आणि सायक्लिक एएमपी एकत्र करायचे, मिनिटभरात प्रक्रिया थांबवायची, प्रथिने जेलवर वजनानुसार वेगळी करायची, जेल वाळवून क्ष-किरण फिल्मला चिकटवायचा आणि उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायचा. रात्रभराने, कधी आठवड्याने अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली की काळे पट्टे उमटतात. ज्या प्रथिनावर खूण बसली त्याचा पट्टा गडद.

खरी लढाई त्याआधीच होते. प्राण्याचा मेंदू रक्ताविना पडला की काही सेकंदांत एटीपी घसरू लागते. कायनेजांना कच्चा माल मिळेनासा होतो, फॉस्फेटेजे मात्र आपले काम चालूच ठेवतात. ऊती हाती येईपर्यंत कित्येक खुणा पुसलेल्या असतात. म्हणून ऊती द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात किंवा विशेष मायक्रोवेव्ह यंत्राने क्षणात सारी एन्झाइमे निकामी करतात. अर्कात फॉस्फेटेज रोखणारी द्रव्ये घालावी लागतात, उदाहरणार्थ सोडियम फ्लोराइड आणि सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट. व्हॅनेडेट तसेच टाकून चालत नाही. द्रावणाचा पीएच दहावर आणायचा, ते पिवळे पडते, पिवळेपणा जाईस्तोवर उकळायचे, गार करून पीएच पुन्हा पाहायचा, आणि रंग परतला तर पुन्हा उकळायचे. हा खटाटोप नीट न केलेल्या प्रयोगशाळेतून निघालेल्या निष्कर्षांकडे अनुभवी माणूस संशयानेच पाहतो. फॉस्फेटेजे अनेकांच्या लेखी निव्वळ उपद्रव ठरली, ती या अनुभवामुळे. ज्याला आधी गप्प बसवायचे तेच मुळात अभ्यासण्याजोगे आहे, हे पटायला वेळ लागला.

ते पटवले डार्प-32 या प्रथिनाने. ग्रीनगार्ड यांच्या गटाने 1983मध्ये त्याचे वर्णन केले. डोपामिनचा मारा जिथे अधिक, त्या स्ट्रायटम भागातल्या चेतापेशींत ते विपुल असते. डोपामिनच्या डी-1 ग्राहीने सायक्लिक एएमपी वाढवले की पीकेए जागे होते आणि डार्प-32च्या चौतिसाव्या जागी फॉस्फेट बसवते. तसे झाले की डार्प-32 स्वतः एक प्रतिबंधक बनते आणि प्रोटीन फॉस्फेटेज-1 या एन्झाइमाला जखडून टाकते. हे फॉस्फेटेज म्हणजे कोरी दांपत्याला न ओळखता सापडलेल्या त्या जुन्या एन्झाइमाच्याच कुळातले. याचा परिणाम दुहेरी होतो. पीकेए खुणा लावत असतानाच त्या पुसणाराही बांधून ठेवला जातो, त्यामुळे डोपामिनचा क्षीण निरोपही मोठा होतो. उलट पंचाहत्तराव्या जागी सीडीके-5 या दुसऱ्या कायनेजाने फॉस्फेट बसवला, तर तेच डार्प-32 पीकेएला आवर घालते. एकच प्रथिन, दोन जागा, दोन विरुद्ध कामे. कॉफीने येणाऱ्या तरतरीतही या पंचाहत्तराव्या जागेचा वाटा असल्याचे 2002 साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले. दुपारच्या कपाचे समर्थन करायला एवढे पुरे आहे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

डोपामिनच्या कथेत मुंबईचाही एक धागा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग मांडला आणि या वनस्पतीकडे जगाचे लक्ष वळले. तिच्यातून 1952 साली रेसरपिन वेगळे झाले. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिले, तेव्हा ससे निपचित पडले. एल-डोपा टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. डोपामिन हे मेंदूतले स्वतंत्र संदेशवाहक आहे आणि कंपवातात त्याची वानवा असते, या निष्कर्षांकडे ही वाट गेली. 2000 सालचे वैद्यकाचे नोबेल कार्लसन, ग्रीनगार्ड आणि एरिक कँडेल यांना विभागून मिळाले. ग्रीनगार्ड यांनी आपल्या वाट्याची रक्कम स्त्री-संशोधकांसाठीच्या एका पुरस्काराला दिली. त्याला त्यांनी आपल्या आईचे, पर्ल माइस्टर ग्रीनगार्ड यांचे नाव दिले. त्या ग्रीनगार्ड यांना जन्म देतानाच वारल्या होत्या.

तिसरे मानकरी कँडेल यांनी अप्लिसिया या समुद्री गोगलगायीवर काम केले. तिच्या शेपटीला धक्का दिला की ती काही काळ हलक्या स्पर्शानेही कल्ला आत ओढते. म्हणजे धक्का तिच्या लक्षात राहतो. या आठवणीमागे सेरोटोनिन, सायक्लिक एएमपी आणि पीकेए अशी साखळी असावी असा अंदाज होता. 1980मध्ये कँडेल आणि ग्रीनगार्ड यांच्या गटांनी मिळून कायनेज थेट चेतापेशीत सोडले, आणि धक्का न देताच पेशी धक्का बसल्यासारखी वागू लागली. अल्पकाळच्या आठवणीला आधीच तयार असलेल्या प्रथिनांवरची खूण पुरते. दीर्घकाळच्या आठवणीसाठी कायनेज पेशीकेंद्रकात शिरून क्रेब या प्रथिनामार्फत जनुके चालू करते आणि नवी प्रथिने घडतात. सीमोर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत 1976 साली सापडलेल्या शिकण्यात कच्च्या फळमाशीने याला वेगळ्या बाजूने दुजोरा दिला. 'डन्स' असे नाव मिळालेल्या या माशीत सायक्लिक एएमपी मोडणारे एन्झाइमच बिघडलेले निघाले. निरोप पोचत होता, पण तो संपत नव्हता. संपेना म्हणून शिकणेही जमेना.

फॉस्फेटची खूण मिनिटांत पुसली जाते, खुद्द प्रथिनेही काही दिवसांत नवी होतात, तर आठवण वर्षानुवर्षे कशी टिकते? या प्रश्नाने अनेकांची कारकीर्द खाल्ली आहे. एक उमेदवार म्हणजे कॅमके-2. हे कायनेज मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या आठवणींशी निगडित भागातील एकूण प्रथिनांच्या एक-दोन टक्के भरते, आणि एखाद्या एन्झाइमासाठी हे प्रमाण अचाट आहे. मेरी केनेडी यांच्या गटाने 1983मध्ये ते सिनॅप्सच्या, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्याच्या, ग्राही बाजूला दाट रचलेले असल्याचे दाखवले. बारा घटक वर्तुळात बसलेले, आणि कॅल्शियम आले की शेजारी शेजाऱ्यावर फॉस्फेट बसवतो. मग कॅल्शियम ओसरले तरी एन्झाइम काही काळ जागेच राहते. हीच आठवणीची कळ असावी, असे जॉन लिसमन यांनी 1980च्या दशकात मांडले. सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत 1992 साली हे कायनेज नसलेले उंदीर तयार झाले. ते पाण्यातल्या बुडालेल्या फलाटाची जागा शिकण्यात मागे पडले. कल्पना सुबक होती, पण 2023 सालच्या कामाने तिला वळण दिले. सिनॅप्स बळकट होण्याच्या पहिल्या टप्प्यात कॅमके-2ची फॉस्फेट बसवण्याची क्षमता नव्हे, तर ग्राहीला चिकटून सांगाडा म्हणून उभे राहण्याची क्षमता निर्णायक असल्याचे त्यात दिसले. चाळीस वर्षे एन्झाइम म्हणून मोजलेल्या रेणूचे मुख्य काम निदान त्या टप्प्यावर एन्झाइमाचे नाही!

पीकेएम-झीटा या दुसऱ्या उमेदवाराची कथा अधिक खडतर. ब्रुकलिन येथील टॉड सॅक्टर यांच्या गटाने 2006मध्ये या कायनेजाला रोखणारा झिप नावाचा छोटा रेणू उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये सोडला, आणि महिन्यापूर्वीची आठवणही नाहीशी झाली. आठवण पुसणारे औषध म्हणून वर्तमानपत्रांत मथळे झळकले. 2013 साली दोन स्वतंत्र गटांनी पीकेएम-झीटाचे जनुकच काढलेले उंदीर तपासले. त्यांची स्मरणशक्ती व्यवस्थित होती, आणि वर झिप त्यांचीही आठवण पुसत होता. ज्या रेणूला तो रोखतो म्हणायचे, तो रेणूच तिथे नव्हता. सॅक्टर यांच्या गटाने हार मानली नाही. 2016मध्ये त्यांनी दाखवले, की मूळ कायनेज नसेल तर त्याचा एक भाऊबंद त्याची जागा घेतो. 2024मध्ये हे कायनेज सिनॅप्सवर किब्रा या प्रथिनाशी जोडून टिकते असेही मांडले गेले. वाद मिटलेला नाही. एखादे जनुक काढून काय बिघडते ते पाहायचे, ही पद्धत कायनेजांच्या बाबतीत किती दगा देते, याचा हा नमुना आहे. भावकी मोठी असल्यामुळे एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

आजारांकडे वळल्यावर पहिले नाव लिथियमचे घ्यावे लागते, कारण इथे औषध आधी आले आणि एन्झाइम नंतर सापडले. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी 1949 साली उन्मादाच्या रुग्णांवर त्याचा उपयोग नोंदवला. ते इनोसिटॉल मोनोफॉस्फेटेज रोखते हे 1980मध्ये आणि जीएसके-3 हे कायनेज रोखते हे 1996मध्ये कळले. दुसरा शोध तर बेडकाच्या गर्भावरच्या कामातून आला. बायपोलर विकारात यांतले कोणते कारण खरे, यावर अजून एकमत नाही. दवाखान्यात मात्र या अनिश्चिततेला फारसा वाव नसतो. रक्तातली पातळी साधारण प्रतिलिटर 0.6 ते 1.0 मिलिमोलच्या दरम्यान ठेवावी लागते, आणि रक्त शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी घ्यावे लागते. रुग्ण सकाळची गोळी घेऊन तपासणीला आला, तर आकडा फसवा येतो. जुलाब, उपास, उन्हाळ्यातला घाम यांनी शरीरातले पाणी व मीठ घटले, की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात आणि हात थरथरू लागतात. विदर्भातल्या मे महिन्यात ही सूचना चिठ्ठीवर ठळक लिहून द्यावी अशीच आहे.

कंपवाताच्या काही रुग्णांत एलआरआरके-2 या कायनेजाचे जनुक बदललेले असते. हा शोध 2004 सालचा. सर्वाधिक आढळणाऱ्या बदलाने हे कायनेज गरजेपेक्षा अधिक काम करू लागते. उत्तर आफ्रिकेतील अरब व बर्बर आणि अश्केनाझी ज्यू रुग्णांत तो बराच आढळतो, तर भारतीय रुग्णांत फारच विरळा. या कायनेजाला रोखणाऱ्या गोळ्या चाचणीत आहेत. ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजारात एमटॉर या कायनेजाचा आवरच सुटतो आणि लहान मुलांना फिट्स येतात. इथे एव्हरोलिमस हे औषध कामी येते, आणि त्या फिट्ससाठी अमेरिकेत 2018मध्ये त्याला मान्यता मिळाली. ते ज्याच्यापासून बनवले, ते रॅपामायसिन ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून सुरेंद्रनाथ सेहगल यांनी कॅनडात वेगळे केले होते. ते काम करत त्या औषध कंपनीने हे संशोधन थांबवल्यावर त्यांनी नमुना घरच्या फ्रीजरमध्ये जपला, म्हणून ते वाचले.

अल्झायमरमध्ये सारे प्रश्न एकत्र येतात. टाऊ हे प्रथिन चेतापेशीच्या आतल्या सूक्ष्मनलिकांना आधार देते. त्यावर फॉस्फेट बसू शकेल अशा ऐंशीहून अधिक जागा आहेत. निरोगी प्रौढ मेंदूत एका टाऊ रेणूमागे दोन-तीन फॉस्फेट असतात, अल्झायमरमध्ये त्याच्या तीन-चार पट. खालिद इक्बाल आणि इंगे ग्रुंडके-इक्बाल यांनी 1986 साली मेंदूतल्या गुंत्यांमध्ये असे अतिफॉस्फेटयुक्त टाऊ दाखवले. लगेच दोषी कायनेजाचा शोध सुरू झाला आणि जीएसके-3 व सीडीके-5 यांवर बोट ठेवले गेले. जीएसके-3 रोखणाऱ्या टायडग्लुसिबची रुग्णांवर चाचणीही झाली, पण उपयोग दिसला नाही. दरम्यान 1990च्या दशकात एक अडचणीचे निरीक्षण पुढे आले. शस्त्रक्रियेत काढलेल्या जिवंत मेंदूच्या तुकड्यांत निरोगी माणसाच्या टाऊवरही त्यांपैकी पुष्कळ खुणा सापडल्या. शवविच्छेदनापर्यंतच्या काही तासांत फॉस्फेटेजे त्या पुसून टाकत होती, म्हणून शवांतले निरोगी टाऊ स्वच्छ दिसे. गुंत्यांतल्या खुणा मात्र तशाच राहत. म्हणजे लावणाऱ्याचा अतिरेक जितका, तितकेच पुसणाऱ्याचे अपयश. अल्झायमरग्रस्त मेंदूत प्रोटीन फॉस्फेटेज-2ए मंदावलेले असल्याचे अनेक गटांनी नोंदवले आहे. पण कायनेज रोखणे औषधशास्त्राला जमते तसे फॉस्फेटेज जागवणे जमत नाही. शिवाय हे फॉस्फेटेज शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत अनेक कामे करते, त्यामुळे नेमका मेंदूतला एकच हिस्सा वाढवणे अवघड.

उपचारात न लाभलेले यश निदानात मिळाले. टाऊच्या 217व्या जागी फॉस्फेट असलेले तुकडे मेंदूतून रक्तात झिरपतात. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे अमिलॉइड हे प्रथिन वाढू लागले, की त्यांचे प्रमाण वाढते. मे 2025मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या फॉस्फेटयुक्त टाऊचे अमिलॉइडशी प्रमाण मोजणाऱ्या रक्तचाचणीला परवानगी दिली. ती 55 वर्षे व त्यावरील, विस्मरणाची लक्षणे असलेल्या आणि तज्ज्ञाकडे आलेल्या रुग्णांसाठी आहे. लक्षणे नसलेल्या माणसाने धास्तीपोटी करून घेण्याची ती चाचणी नाही, आणि तिचा निकाल डॉक्टरांनी इतर तपासण्यांसोबतच वाचायचा असतो.